आनंदी सुरांचा व्यापार

संगीतावर आपल्याकडे जे आजवर लिहिले-बोलले गेले, ते बहुतेक सारे लक्ष देऊन ऐकावयाच्या संगीताविषयी आहे. घराणी, राग, नाट्यपदे, भावगीते यांची चर्चा गावोगावच्या व्यासपीठांवरून पुष्कळ झाली, आणि ती व्हावयासच पाहिजे. परंतु शहरात राहणाऱ्या मनुष्याच्या कानावर दिवसभरात जेवढे सूर पडतात, त्यांचा त्याने एकदा हिशेब मांडून पाहावा. त्यातले फारच थोडे त्याने स्वतः होऊन ऐकलेले असतात. कापडाच्या मोठ्या दुकानात शिरावे, तो छतातून गाणे झिरपत असते. बँकेला फोन करावा, तो पलीकडचा मनुष्य बोलू लागेपर्यंत एकच धून पुनःपुन्हा वाजत राहते. एखाद्या कारखान्याचा माहितीपट पाहावा, तर निवेदकाच्या आवाजाखाली टाळ्या, शीळ आणि लहानशा तंतुवाद्याची छेड यांचे हसतमुख संगीत अखंड चाललेले असते. ते आपण लक्षपूर्वक ऐकावे, अशी वाजविणाऱ्याचीही अपेक्षा नसते. आपण कापड घ्यावे, न चिडता वाट पाहावी, कारखान्याविषयी मनात बरे मत बाळगावे, एवढीच त्याची इच्छा असते.

अशा संगीताला नाक मुरडणे सोपे आहे. पण नाक मुरडल्याने ते थांबत नाही, आणि त्याची परीक्षाही होत नाही. शिवाय आता एक नवीच गोष्ट घडली आहे. पूर्वी असे संगीत निवडण्याचे काम दोन-चार कंपन्या आणि नभोवाणीचे अधिकारी करीत. आज ते आपल्यापैकी कोणाकडेही येते. पतपेढीच्या रौप्यमहोत्सवाची चित्रफीत, शाळेच्या संमेलनाची ध्वनिचित्रफीत, धाकट्या भावाच्या दुकानाची जाहिरात, ह्यांपैकी काही ना काही करण्याची पाळी येते, आणि मग कोणी तरी विचारतो, "मागे कुठले म्युझिक टाकायचे?" ह्या प्रश्नाचे उत्तर बहुधा "काही तरी आनंदी टाका" असे दिले जाते. हे 'काही तरी आनंदी' कोठून आले, कोणी घडविले आणि त्याचे मोल कशाने ठरवावे, याचा विचार आम्ही येथे इतिहासाच्या आधाराने करणार आहो.

कामाला सुरांची जोड देणे ही गोष्ट यंत्रयुगाने शोधून काढलेली नाही. आपल्या महाराष्ट्रात पहाटेच्या अंधारात जाते फिरू लागले की त्याबरोबर ओवी सुरू होई. हात दुखत, झोप डोळ्यांवर असे, आणि दळण तर संपवावयाचेच असे. त्या श्रमांना ओवीने ताल दिला, आणि सासरी कोणापाशी बोलता न येणारे दुःखही तिच्यातून बोलता आले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत खेड्यापाड्यांतून अशा ओव्या जमविल्या. त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. ह्या गाण्याचे एक लक्षण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. गाणारी तीच, ऐकणारी तीच, काम करणारी तीच, आणि गाणे केव्हा थांबवावयाचे हे ठरविणारीही तीच. सुखाची ओवी गावी की दुःखाची, हे तिला कोणी सांगत नव्हते. तिच्या श्रमांवर इतरांचा हक्क असेल. तिच्या गाण्यावर नव्हता. आमच्या मते पुढचा सारा इतिहास हा ह्या चार गोष्टींची एकमेकींपासून फारकत कशी झाली, त्याचा इतिहास आहे.

फारकतीचा आरंभ चित्रपटगृहात झाला. मूकपटांच्या काळात पडद्यापुढे कोणी पियानो वाजवी, कोठे छोटा वाद्यवृंद असे. रोज नवा चित्रपट यावयाचा आणि वादकाला तयारीस वेळ नसावयाचा. तेव्हा तयार तुकड्यांची गरज निर्माण झाली. मायर डी वुल्फ नावाच्या डच संगीतकाराने १९०९ मध्ये लंडनला अशा संगीताचा संग्रह पुरविणारी पेढी काढली. १९१३ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरी जॉन झामेच्निक याने चित्रपटगृहांसाठी लहान-लहान तुकड्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात घाईचे संगीत, चोराचे संगीत, वादळाचे संगीत असे प्रकार होते. ज्या वर्षी दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लागला, त्याच वर्षीची ही गोष्ट. पुढे १९२४ मध्ये एर्नो रापे याने ह्या पद्धतीचा कळस केला. त्याच्या जाडजूड ग्रंथात बावन्न भाव आणि प्रसंग यांची वर्णानुक्रमे यादी होती, आणि ती प्रत्येक पानाच्या कडेला छापलेली होती. विमानापासून लग्नापर्यंत सर्व काही तेथे होते. 'सुख' होते, 'दुःख' होते, आणि ज्यात कोणताच भाव नाही असे 'तटस्थ' संगीतही होते. वादकाने पडद्याकडे पाहावे, कडेच्या यादीवर नजर टाकावी, आणि ते पान उघडावे.

आज संगणकावर संगीताची दुकाने आहेत. त्यांत 'आनंदी', 'उत्साहवर्धक', 'कंपन्यांसाठी' अशा खणांमध्ये हजारो तुकडे मांडून ठेवलेले असतात. रापेच्या पानाच्या कडेची यादी तेवढी लांबली आहे; कल्पना तीच आहे. भाव हा गाणाऱ्याच्या मनातून न निघता खणातून काढता येतो, हा शोध शंभर वर्षांपूर्वीचा आहे. त्यात निंद्य असे काही नाही. शिंप्याकडे मापे घेऊन शिवलेला सदरा आणि दुकानातला तयार सदरा असा हा भेद आहे. तयार सदराही अंगाला बसतो, मात्र तो घालून पाहावा लागतो.

संगीत ऐकावयाचे नसून भोवती असावयाचे, ही कल्पना एका कलावंताने याच सुमारास उघडपणे मांडली. पॅरिसचा संगीतकार एरिक साती ह्याने तिला 'सामानसुमानाचे संगीत' असे नाव दिले. खोलीत जशी खुर्ची असते, तसे हे संगीत असावे. ८ मार्च १९२० रोजी पॅरिसच्या एका चित्रशाळेत नाटकाच्या मध्यंतरात त्याने त्याचा प्रयोग केला. प्रेक्षकांनी बोलावे, फिरावे, सुरांकडे लक्ष देऊ नये, असे आधीच सांगितले होते. पण वाद्ये वाजू लागताच लोक आपापल्या जागी जाऊन बसले आणि मुकाट्याने ऐकू लागले. बिचारा साती त्यांच्यामध्ये धावत जाऊन "बोला, बोला, फिरा, ऐकू नका" असे विनवीत राहिला. ह्या गोष्टीचे हसू येते खरे. पण मनुष्याच्या कानाचा स्वभाव तिने उत्तम दाखविला. डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही. सूर आला की कान तिकडे जातो. त्याला न जाण्याची सवय लावावी लागते. ही सवय लावण्याचे काम पुढच्या पिढीत एका लष्करी अधिकाऱ्याने सुरू केलेल्या उद्योगाने केले.

त्याचे नाव जॉर्ज ओवेन स्क्वायर. पहिल्या महायुद्धात तो अमेरिकी सैन्याच्या संदेशवहन खात्याचा प्रमुख होता. एकाच तारेवरून एकाहून अधिक संदेश पाठविण्याची युक्ती त्याने १९१० च्या सुमारास शोधली होती. नभोवाणीचे यंत्र महाग आणि कुरकुरणारे. तेव्हा विजेच्या तारांवरूनच घरोघरी संगीत पोचवावे, ह्या हेतूने १९२२ मध्ये एका वीज कंपनीच्या पाठबळावर हा धंदा निघाला. १९३४ मध्ये त्याला 'म्यूझॅक' हे नाव मिळाले. 'म्युझिक' ह्या शब्दाला त्या काळी गाजत असलेल्या 'कोडॅक' ह्या नावाचे शेपूट जोडून ते बनविले होते. स्क्वायर त्याच वर्षी वारला. घरोघरच्या श्रोत्यांपाशी तोवर नभोवाणी पोचली होती, म्हणून कंपनीने न्यूयॉर्कमधील हॉटेले आणि उपाहारगृहे यांच्याकडे मोर्चा वळविला. येथे एक मोठा बदल झाला, पण तो फारसा कोणाच्या लक्षात आला नाही. घरी जो पैसे देई तोच ऐके. हॉटेलात पैसे मालक देऊ लागला आणि ऐकू लागले गिऱ्हाईक. गाणे आणि ऐकणारा ह्यांच्यामध्ये तिसरा मनुष्य येऊन उभा राहिला.

हा तिसरा मनुष्य नेहमीच वाईट असतो असे नाही, हे दुसऱ्या महायुद्धातील इंग्लंडने दाखविले. एकसुरी कामाचा कंटाळा आणि थकवा यांविषयी वायट आणि लँग्डन या दोघा संशोधकांचा अहवाल तेथे १९३७ मध्येच प्रसिद्ध झाला होता. कारखान्यात काही वेळ संगीत लावल्याने कंटाळा कमी होतो आणि काम वाढते, असे त्यांना आढळले होते. मग डंकर्कची माघार झाली, आणि शस्त्रास्त्रांचे कारखाने रात्रंदिवस चालविण्याची वेळ आली. २३ जून १९४० रोजी बी. बी. सी. ने 'म्युझिक व्हाइल यू वर्क' हा कार्यक्रम सुरू केला. दररोज दोनदा, सकाळी साडेदहाला आणि दुपारी तीनला, अर्धा-अर्धा तास. पुढे रात्रपाळीसाठी आणखी एक भाग जोडण्यात आला. १९४१ पासून विनफर्ड रेनल्ड्स हा त्याची व्यवस्था पाहू लागला. तो कारखान्यांत जाई, कामगारांना विचारी, कोणते वादन यंत्रांच्या घरघरीत ऐकू आले आणि कोणते बुडाले याची माहिती गोळा करी. त्यातून नियम ठरत गेले. चाल ओळखीची असावी, लय स्थिर असावी, आवाज मध्येच फार हळू होऊ नये. 'डीप इन द हार्ट ऑफ टेक्सास' ह्या लोकप्रिय गाण्यात टाळ्यांच्या जागा होत्या. तेथे कामगार हातातली हत्यारे बाकावर आपटतील, ह्या धास्तीने ते गाणे कार्यक्रमातून वगळण्यात आले.

ह्या कार्यक्रमाकडे आम्ही आदराने पाहतो. त्याचा हेतू उत्पादनाचा होता, हे कोणी लपविले नव्हते. पण संगीत दिवसाकाठी ठराविक वेळच वाजे. उरलेले तास शांततेला किंवा यंत्रांना मोकळे होते. ऐकणाऱ्यांचे मत विचारले जाई, आणि त्याप्रमाणे निवड बदले. शिवाय ज्या कामासाठी हे चालले होते, ते कामगारालाही आपलेच वाटत होते. जात्यावरच्या बाईइतके स्वातंत्र्य येथे नव्हते. पण गाणे निवडणाऱ्याने ऐकणाऱ्याला विचारले होते. महायुद्ध संपल्यावरही हा कार्यक्रम सप्टेंबर १९६७ पर्यंत चालला. केवळ लादलेली गोष्ट सत्तावीस वर्षे टिकत नाही.

इकडे अमेरिकेत म्यूझॅकने हीच कल्पना उचलली आणि तिला शास्त्राचा अंगरखा चढविला. कामगाराचा उत्साह दिवसाच्या कोणत्या तासाला उतरतो, याचे आलेख काढण्यात आले. पंधरा मिनिटांचा एक संच. त्यातील तुकड्यांना उत्तेजकतेनुसार क्रमांक दिलेले. पहिला तुकडा संथ, शेवटचा जलद आणि भरघोस. मग पंधरा मिनिटे शांतता. मग पुन्हा संच. सकाळी अकराच्या आणि दुपारी तीनच्या सुमारास मनुष्य ढिला पडतो, तेव्हा अधिक उत्तेजक संच वाजावयाचे. प्रसिद्ध गाण्यांतून शब्द काढून टाकलेले, कारण शब्द लक्ष वेधून घेतात. लक्षात येणारे वाद्य मागे, गुळगुळीत तंतुवाद्ये पुढे. जे आपल्याकडे मुद्दाम पाहावयास लावत नाही, पण पाय मात्र थोडे भरभर टाकावयास लावते, असे संगीत. ते कार्यालयांत गेले, दुकानांत गेले, लिफ्टमध्ये गेले. आयसेनहॉवर राष्ट्राध्यक्ष असताना व्हाइट हाउसमध्येही गेले.

ह्या सुरांमागे वाजविणारी माणसे होती, त्यांचे काय झाले? एकदा वाजविलेले संगीत हजार ठिकाणी पुनःपुन्हा वाजू लागले, म्हणजे हजार ठिकाणच्या वादकांची गरज संपते. अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने जेम्स पेट्रिलो ह्याच्या नेतृत्वाखाली १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. काही कंपन्या वर्षभरात नमल्या. दोन मोठ्या कंपन्यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये समेट केला, आणि विकल्या जाणाऱ्या तबकड्यांमागे वादकांच्या निधीत काही रक्कम जमा होऊ लागली. त्या वेळी पेट्रिलोवर सर्व बाजूंनी टीका झाली. पण आज संगणकच सूर जुळवून देऊ लागला असताना, त्याने विचारलेला प्रश्न जुना झाला आहे असे आम्हांस वाटत नाही. स्वस्त आनंदाची किंमत कोणी तरी देत असतोच.

ऐकणाऱ्याचा प्रश्न न्यायालयापर्यंत जावयास आणखी काही वर्षे लागली. वॉशिंग्टन शहरात ट्राम आणि बस चालविणाऱ्या कंपनीने १९४८ च्या सुमारास आपल्या गाड्यांतून ध्वनिक्षेपक बसविले. कार्यक्रमात शंभरातले नव्वद भाग संगीत, पाच भाग सूचना आणि पाच भाग जाहिराती होत्या. दोघा प्रवाशांनी तक्रार केली. वाचता येत नाही, शेजाऱ्याशी बोलता येत नाही, आणि कामावर जावयाचे तर गाडीत बसल्याशिवाय गत्यंतर नाही, असे त्यांचे म्हणणे होते. कंपनीच्या बाजूने प्रवाशांची पाहणी पुढे आली. शेकडा ७६ च्या वर प्रवाशांना संगीत हवे होते, शेकडा ६.६ जणांना नको होते. आणि बहुमतापुढेही मान न तुकविणारे शेकडा ३ च उरले. मे १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर ह्यांनी खटल्यात भागच घेतला नाही; ह्या प्रकाराचा आपल्याला स्वतःलाच इतका त्रास होतो की, निःपक्षपातीपणाने न्याय देणे आपल्याला जमणार नाही, असे कारण त्यांनी दिले. न्यायमूर्ती डग्लस ह्यांनी विरुद्ध मत नोंदविले. मनुष्याला एकटे सोडले जाण्याचा हक्क हाच सर्व स्वातंत्र्याचा आरंभ होय, असा त्यांचा आशय होता. ज्याला उठून जाता येत नाही, त्याच्यावर काही ऐकण्याची सक्ती करू नये.

आकडे पाहिले तर कंपनी जिंकावी हे ओघानेच आले. पण प्रश्न आकड्यांचा होता काय? शंभरांतील शहात्तरांना संगीत हवे असेल तर ते त्यांना मिळावे. पण त्यासाठी उरलेल्यांचे कान धरून बसविणे भाग आहे, असे सिद्ध होत नाही. चव ही बहुमताने ठरविता येते, पण सक्ती बहुमताने निर्दोष होत नाही.

त्याच वर्षी आपल्या देशात नेमका उलट प्रकारचा धडा मिळत होता. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले, आणि लवकरच आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. लोकांना अभिजात संगीत ऐकवावे, हा हेतू उदात्त होता. परंतु घरच्या रेडिओला फिरविण्याची कळ होती. लोकांनी ती फिरविली आणि रेडिओ सिलोन लावला. तेथे डिसेंबर १९५२ पासून एका दंतमंजनाच्या कंपनीच्या पैशाने 'बिनाका गीतमाला' सुरू झाली होती. अखेर आकाशवाणीने ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविधभारती' काढली. वॉशिंग्टनच्या ट्राममध्ये हलके संगीत लादता आले. आपल्या घरांत उच्च संगीतही लादता आले नाही. दोहोंतील भेद संगीताचा नव्हता, कळीचा होता.

पुढे १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविधभारतीच्या मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून जाहिराती सुरू झाल्या. इंग्लंडमधला कामगारांचा कार्यक्रम बंद होऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. जाहिरातीची गाणी महाराष्ट्राच्या घराघरांत शिरली, आणि खरे सांगावयाचे तर लोकांना ती आवडलीही. लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि पॅरिसला नादिया बुलांजे ह्यांच्याकडे शिकून आलेल्या वनराज भाटियांसारख्या संगीतकाराने अशा चाली हजारांनी बांधल्या, आणि पुढे श्याम बेनेगलांच्या चित्रपटांना संगीत दिले. धंद्यासाठी केलेले संगीत हलकेच असले पाहिजे, हा समज एवढ्या एका उदाहरणानेही खोटा ठरतो. तीस सेकंदांत चाल उभी करणे, शब्द स्वच्छ ऐकू येऊ देणे आणि मनुष्याला पुन्हा ऐकावेसे वाटावयास लावणे, ह्याला पक्का हात लागतो.

१९६९ मध्ये युनेस्कोशी संबंधित आंतरराष्ट्रीय संगीत परिषदेने एक ठराव केला. सार्वजनिक आणि खाजगी जागी ध्वनिमुद्रित संगीताचा जो अतिरेक चालला आहे, त्याने व्यक्तीच्या स्वातंत्र्यावर आणि शांततेच्या हक्कावर आक्रमण होते, असा त्याचा आशय होता. विशेष हे की, ही तक्रार गोंगाटाला कंटाळलेल्या एखाद्या तत्त्वज्ञाने केलेली नव्हती. संगीत हेच ज्यांचे जीवन त्यांनी ती केली होती. त्याच १९६९ मध्ये भारतात गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांच्या हक्कांसाठी 'इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी' स्थापन झाली. एकीकडे ऐकणाऱ्याचा हक्क, दुसरीकडे रचणाऱ्याचा. वाजविणाऱ्या मालकाला दोघांचेही देणे लागते, हा बोध एकाच वर्षी दोन ठिकाणांहून मिळाला.

आता मालकाच्या फायद्याच्या दृष्टीनेही पाहू. आनंदी आणि जलद संगीताने विक्री वाढते, ही समजूत सर्वत्र आहे. रोनल्ड मिलिमन ह्या अमेरिकी प्राध्यापकाने एका मोठ्या किराणा दुकानात प्रयोग करून १९८२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही दिवस संथ संगीत लावले, काही दिवस जलद. जलद लयीला गिऱ्हाइके भरभर चालली आणि भरभर बाहेर पडली. संथ लयीच्या दिवशी ती रेंगाळली, आणि विक्री ३८.२ टक्क्यांनी अधिक झाली. १९९७ मध्ये इंग्लंडमधील एका प्रयोगाचा वृत्तांत आला. दुकानात फ्रेंच धून वाजत असताना फ्रेंच मद्याच्या ४० बाटल्या खपल्या आणि जर्मन मद्याच्या ८. जर्मन धून लावली तेव्हा जर्मन २२ आणि फ्रेंच १२. आपल्या निवडीवर संगीताचा परिणाम झाला, हे विचारल्यावर फारच थोड्यांनी कबूल केले. ह्यावरून दोन गोष्टी निघतात. 'आनंदी म्हणजे फायद्याचे' हे समीकरण कच्चे आहे; प्रसंग कोणता, हे पाहिल्यावाचून लय निवडणे व्यर्थ. आणि दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ज्या गोष्टीचा परिणाम होतो पण जाणीव होत नाही, तिच्याविषयी वापरणाऱ्याची जबाबदारी वाढते, कमी होत नाही.

म्यूझॅक कंपनीचे पुढे दिवाळे वाजले. २००९ मध्ये तिने दिवाळखोरीत धाव घेतली, २०११ मध्ये ती दुसऱ्या कंपनीने विकत घेतली, आणि २०१३ मध्ये ते नावही मिटले. इंग्लंडमधील 'मार्क्स अँड स्पेन्सर' ह्या प्रसिद्ध दुकानमालिकेने २०१६ मध्ये, गिऱ्हाइके आणि नोकर यांच्या तक्रारींनंतर, आपल्या दुकानांतील संगीत बंद केले. पण नाव मिटले म्हणून वस्तू मिटली नाही. ती आता प्रत्येकाच्या खिशातल्या यंत्रात येऊन बसली आहे.

मग पतपेढीच्या चित्रफितीला संगीत निवडू पाहणाऱ्या मनुष्याने काय करावे? ह्या इतिहासातून आम्हांस चार कसोट्या दिसतात, आणि त्या जात्यावरच्या त्या चार गोष्टींशी जुळतात.

पहिली कसोटी कामाची. संगीताने कामाला मदत केली पाहिजे. निवेदन चालू असताना शब्द बुडत असतील तर संगीत कितीही गोड असो, ते अडथळाच होय. रेनल्ड्स कारखान्यात जाऊन ऐकत असे. तसे आपण ज्या जागी, ज्या यंत्रावर ते वाजणार, तेथे बसून ऐकावे. म्हाताऱ्या माणसाला बोलणे समजते की नाही, हे विचारावे.

दुसरी कसोटी ऐकणाराची. गिऱ्हाईक दुकानात वीस मिनिटे असते; दुकानातली मुले-मुली दहा तास उभी असतात. तीच पंधरा गाणी दिवसातून कितीदा त्यांच्या कानावर आदळतात, याचा हिशेब मालकाने करावा. गिऱ्हाइकासाठी लावलेले संगीत नोकराला शिक्षा होत असेल, तर ते स्वस्त नव्हे. अर्धा तास सूर आणि मग शांतता, ही बी. बी. सी. ची जुनी रीत आजही शहाणपणाची आहे.

तिसरी कसोटी सच्चेपणाची, आणि आम्ही तिला सर्वांत अधिक महत्त्व देतो. आनंदी धून ही एक प्रकारची साक्ष आहे. 'येथे सर्व ठीक चालले आहे' असे ती ऐकणाराला सांगते, आणि तेही त्याच्या नकळत. व्याजाचा दर मोठ्याने सांगावयाचा, अटी घाईने उरकावयाच्या, आणि दोहोंच्या खाली तीच हसरी चाल वाजवावयाची, हा खोट्या साक्षीचाच प्रकार झाला. जेथे ठेवीदाराची आयुष्याची पुंजी पणाला लागलेली आहे, रुग्णाच्या जिवाचा प्रश्न आहे, तेथे संगीताने मनुष्याला सावध राहू द्यावे. ओवी दुःखाच्या वेळी सुखाची होत नसे, म्हणूनच तिच्यावर विश्वास बसतो. जो मजकूर संगीत काढून घेतल्यावर पटत नाही, तो संगीत घातल्यावर पटू लागला, तर दोष शोधावयाचा तो मजकुरातच.

चौथी कसोटी कळीची. ऐकणाराला ते बंद करता येते काय, त्यापासून उठून जाता येते काय? घरच्या रेडिओपुढे बसलेल्याला येत होते. ट्रामच्या प्रवाशाला येत नव्हते. रुग्णालयाची प्रतीक्षाखोली, बसगाडी, सरकारी कचेरीतली रांग, अशा ठिकाणी मनुष्य स्वखुशीने बसलेला नसतो. तेथे संगीत लावणाऱ्याने त्या शंभरांतील तिघांची आठवण ठेवावी. आणि ह्या साऱ्यांबरोबर, ज्याने ती चाल रचली त्याचे देणे चुकते केले आहे की नाही, हेही पाहावे; फुकट उचललेल्या सुरांवर सचोटीची जाहिरात शोभत नाही.

आनंदी सूर हे वाईट नव्हेत. थकलेल्या हातांना त्यांनी बळ दिले आहे, लांबलेली रात्रपाळी सुसह्य केली आहे, आणि मोठ्या संगीतकारांनीही ते घडविण्यात कमीपणा मानलेला नाही. विकत मिळणारा आनंद हा खोटाच असतो, असेही आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, तो दुसऱ्याच्या कानात घालावयाचा असेल, तर त्या दुसऱ्याला विचारून घालावा. जाते आता घरोघर फिरत नाही, आणि ते पुन्हा फिरावे असे ज्यांनी दळले त्या तर म्हणणारच नाहीत. पण स्वतःचा सूर स्वतः निवडण्याचा आणि वाटेल तेव्हा थांबविण्याचा जो अधिकार त्या निरक्षर बायांना होता, तो आपल्या सुशिक्षित शहरांत कोणाला नसावा, हे बरे नव्हे.